काडीला काडी सारखी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



जपानमध्ये लाकडाच्या बारीक पट्ट्या एकमेकींत अडकवून नक्षीदार जाळी करतात. खिळा नाही, स्क्रू नाही. या कामाला ते ‘कुमिको’ म्हणतात. ही जाळी काय असते आणि एखाद्या नवशिक्याला ती करायची असेल तर त्यानं सुरुवात कुठून करावी, याबद्दल मी आज बोलणार आहे.

पहिली अडचण इथेच आहे. रेडिओवर जाळी दाखवता येत नाही. तेव्हा एक विनंती करतो. जवळ कागद-पेन्सिल असेल तर घ्या, नसेल तर मनातल्या मनात काढा. तिन्ही बाजू सारख्या असलेला एक त्रिकोण काढा. आता त्याच्या प्रत्येक कोपऱ्यातून बरोबर मध्यापर्यंत एकेक रेघ ओढा. तीन रेघा मधोमध भेटल्या. आता असेच सहा त्रिकोण एका बिंदूभोवती, एकाला एक लागून मांडा. काय दिसतं? त्या बिंदूतून बाहेर पडणारी सहा टोकदार पानं दिसतात. दोन त्रिकोणांची जी बाजू सामाईक आहे, ती पानाची मधली शीर. बस, एवढंच. जपानी जाळीकामातली ही सगळ्यांत लाडकी नक्षी. तिचं नाव ‘आसानोहा’. ‘हा’ म्हणजे पान आणि ‘आसा’ म्हणजे ज्याच्या सालीपासून दोर आणि कापड करतात ते झाड. हे झाड भांगेच्या कुळातलं. आपल्याकडे त्याचं नाव काढलं की लोकांना होळी आठवते. जपानी आयांना मात्र बाळाचं अंगडं आठवतं. कारण हे झाड काठीसारखं सरळ आणि भराभर वाढतं. वसंतात पेरलं की पावसाळ्याच्या अखेरीला माणसापेक्षा उंच होऊन कापणीला येतं. तसंच मूल वाढावं, म्हणून तान्ह्या बाळाच्या कपड्यांवर आसानोहाची नक्षी काढायची जुनी रीत आहे.

ही नक्षी मी पहिल्यांदा पाहिली ती कानुमा नावाच्या गावात. टोकियोच्या उत्तरेला शंभरेक किलोमीटरवर तोचिगी प्रांतात हे गाव आहे. २००६ ते २००९ ही तीन वर्षं मी त्या भागातल्या एका कारखान्यात कामाला होतो. कानुमा दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध. एक लाकूडकाम आणि दुसरं, योगायोग पाहा, तेच आसा. जपानमध्ये आज जे थोडंफार आसाचं पीक उरलं आहे, त्यातलं बहुतेक तोचिगीत होतं. गाव निक्कोच्या वाटेवर आहे. निक्कोचं तोशोगू हे तोकुगावा घराण्याच्या मूळ पुरुषाचं स्मारकमंदिर. ते १६३६ मध्ये नव्यानं भव्य स्वरूपात उभारलं गेलं, तेव्हा देशभरातून कारागीर आले, त्यांतले काही वाटेवरच्या कानुमात राहिले आणि त्यांचं कसब गावात मुरलं, असं तिथले लोक अभिमानानं सांगतात.

‘कुमिको’ या शब्दाचं म्हणाल तर ‘कुमु’ म्हणजे जुळवणं, गुंफणं. आणि ‘को’ म्हणजे मूल, म्हणजेच लहानसा तुकडा. (कुमिको हे मुलीचंही नाव असतं, पण ते वेगळ्या अक्षरांनी लिहितात. माझ्या बायकोला हे फोनवर नीट समजावून सांगायला मला बराच वेळ लागला.) जपानी घरातली कागद लावलेली सरकती दारं, म्हणजे शोजी, तुम्ही चित्रपटांत पाहिली असतील. त्या दारांतल्या ज्या उभ्या-आडव्या बारीक पट्ट्या, त्याच मुळात कुमिको. पुढं त्या साध्या चौकटींतल्या रिकाम्या घरांत आणखी बारीक तुकडे बसवून नक्षी काढू लागले. दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत, दाराच्या वर, हवा आणि उजेड यावा म्हणून एक आडवी झडप असते. तिला ‘रानमा’ म्हणतात. तिथं ही नक्षी सर्वांत खुलते. नक्ष्यांचे प्रकार दोनशेच्या वर आहेत, असं म्हणतात. नावंही घरगुती आणि परसातली. तीळ, कासवाची पाठ, चेरीचं फूल.

ही कल्पना जुनी आहे. नारा शहराजवळच्या होर्युजी या बौद्ध मंदिरातल्या इमारती जगातल्या सर्वांत जुन्या लाकडी वास्तूंपैकी आहेत. तिथल्या मुख्य मंदिराच्या वरच्या मजल्याला लाकडी कठडा आहे. त्यात स्वस्तिक मोडून-जोडून केलेली जाळी आहे. कुमिकोची मुळं सांगताना जाणकार त्या कठड्याकडे बोट दाखवतात. बुद्धाबरोबर हे चिन्ह आपल्या बाजूनंच तिकडं गेलं, तेवढा धागा आपलाही म्हणायला हरकत नाही.

आता माझी गोष्ट. मी टूलरूमचा माणूस. आयुष्यभर डाय आणि फिक्श्चर केली, मायक्रॉनमध्ये बोललो. एका रविवारी कानुमात एका कार्यशाळेच्या खिडकीत उन्हासमोर ठेवलेली आसानोहाची जाळी पाहिली. मनात म्हटलं, हे आपल्याला जमेल. लाकूड काय, लोखंडापेक्षा मऊ. आत गेलो. एक सत्तरीचे गृहस्थ काम करत बसले होते. ते ‘तातेगुशी’ होते, म्हणजे फक्त दारं-खिडक्या करणारे कारागीर. घर बांधणारा सुतार वेगळा, त्याला ‘दाइकू’ म्हणतात, आणि या दोघांत गल्लत केलेली दोघांनाही आवडत नाही. माझं जपानी तोडकं, त्यांना इंग्रजी येत नव्हतं. पण रविवारी या, असं ते म्हणाल्याचं मला कळलं. मी त्यांना सेन्सेई म्हणजे गुरुजी म्हणू लागलो.

पुढच्या रविवारी मी कारखान्यातला माझा मायक्रोमीटर खिशात घालून गेलो. सेन्सेईंनी हिनोकीची, म्हणजे जपानी सायप्रसची एक फळी दिली. सरळ धाग्याचं, फिकट रंगाचं, लिंबासारख्या वासाचं लाकूड. तिच्यातून बारा मिलिमीटर रुंद आणि तीन मिलिमीटर जाड पट्ट्या काढायच्या होत्या. जाळी नाही, नक्षी नाही, फक्त पट्ट्या. दोन रविवार मी रंधा मारत आणि मोजत होतो. तिथला रंधा आपल्यासारखा पुढं ढकलत नाहीत, अंगाकडे ओढतात. करवतही ओढताना कापते. त्यामुळं तिचं पातं एखाद्या पोस्टकार्डाएवढं पातळ असलं तरी वाकत नाही. मी एक पट्टी तासायचो, मोजायचो. ३.०४. पुन्हा एक हात. २.९७. गेली. दुसरी घ्यायची. संध्याकाळी माझ्याकडे चाळीस पट्ट्या होत्या आणि प्रत्येकीचा आकडा मी पेन्सिलीनं तिच्यावर लिहिला होता.

सेन्सेईंनी ते आकडे पाहिले आणि हसले. त्यांनी पट्ट्या पत्त्यांच्या कॅटसारख्या टेबलावर आपटून एकत्र केल्या आणि वरून अंगठा फिरवला. जिथं अंगठा अडला ती पट्टी काढून टाकली. मग एक लाकडाचा तुकडा घेतला. त्यात एकच खाच होती. उरलेली प्रत्येक पट्टी त्या खाचेत घालून पाहिली. सैल, टाकली. घट्ट, टाकली. चाळिसातल्या सहा उरल्या. मग त्यांनी कोपऱ्यातून एक पाट आणला. त्याच्या दोन्ही कडांना दोन बारीक रूळ चिकटवलेले होते. पट्टी त्या दोन रुळांच्या मध्ये ठेवायची आणि रंधा ओढायचा. पट्टी रुळाएवढी पातळ झाली की रंध्याचा तळ रुळांवर टेकतो आणि कापणं आपोआप थांबतं. तासाभरात त्यांनी चाळीस पट्ट्या केल्या. मी हळूच मायक्रोमीटर लावला. २.९१, २.९१, २.९२, २.९१. म्हणजे तीन मिलिमीटर नव्हत्याच त्या! पण सगळ्या एकीसारखी एक होत्या.

श्रोतेहो, मला या कामातलं जे काही समजलं, ते त्या संध्याकाळी समजलं. टूलरूममध्ये आम्ही मापाला बांधलेले असतो, कारण आम्ही केलेला भाग दुसऱ्या गावातल्या, आम्ही कधी न पाहिलेल्या भागावर बसायचा असतो. कुमिकोचे सगळे तुकडे एकाच बाकावर जन्मतात आणि एकमेकांतच बसतात. त्यांना जगाच्या मिलिमीटरशी काही देणं-घेणं नसतं. त्यांना फक्त एकमेकांसारखं असावं लागतं. ज्याला हे काम सुरू करायचं आहे त्यानं नक्ष्यांचं पुस्तक उघडण्याआधी वीस पट्ट्या एकसारख्या कराव्यात. न मोजता. रुळांचा पाट करायला एक सरळ फळी आणि दोन पातळ चिपा पुरतात.

आणि त्याच्याही आधी धार. हे सांगताना मला थोडं अवघडल्यासारखं होतं, कारण धारेचं प्रवचन सगळेच सुतार देतात. पण इथं इलाज नाही. पट्टीचं टोक तासताना पटाशी बोथट असेल तर हिनोकीसारखं मऊ लाकूड कापलं न जाता दबतं, चुरगळतं आणि सांध्यात काळी रेघ दिसते. कठीण लाकूड एक वेळ माफ करेल, मऊ लाकूड करत नाही. सेन्सेई दर अर्ध्या तासानं उठून पाण्याच्या दगडावर चार हात मारायचे आणि परत बसायचे. आपण चहाला उठतो तसं.

पट्ट्या झाल्या की पाया. इथं दोन वाटा फुटतात. एक चौकोनी घरांची जाळी आणि दुसरी त्रिकोणी घरांची. नवशिक्यानं चौकोनी धरावी. तीन पट्ट्या उभ्या, तीन आडव्या, एवढ्यापासून सुरुवात. जिथं त्या एकमेकींना ओलांडतात तिथं दोघींच्या निम्म्या रुंदीपर्यंत खाच पाडायची आणि एकमेकींत बसवायच्या. खाचेची रुंदी म्हणजे दुसऱ्या पट्टीची जाडी. ती कशी घ्यायची? मोजायची नाही, ती पट्टीच उभी धरून तिच्या कडेनं चाकूची रेघ मारायची. आणि एकेका पट्टीला वेगळी खाच पाडायची नाही. सगळ्या पट्ट्या शेजारी-शेजारी लावून शिकंज्यात आवळायच्या आणि एकाच वेळी सगळ्यांवरून करवत ओढायची. मग खाच चुकली तर सगळ्यांची सारखीच चुकते. वेगवेगळ्या पाडल्यात आणि दर खाचेला दशांश मिलिमीटर सरकलात, तर विसाव्या घरापर्यंत दोन मिलिमीटरचा फरक पडतो आणि शेवटची पट्टी बसतच नाही. मी हे करून पाहिलेलं आहे.

त्रिकोणी पाया अवघड. तिथं एकाच बिंदूवर तीन पट्ट्या भेटतात. म्हणून प्रत्येकीच्या वाट्याला रुंदीचा तिसरा हिस्सा येतो. खालची पट्टी वरून दोन हिस्से कापायची, वरची पट्टी खालून दोन हिस्से, आणि मधली दोन्हीकडून एकेक हिस्सा. खाचा सरळ नाहीत, साठ अंशांत तिरक्या. मधली पट्टी बिचारी दोन्ही बाजूंनी कोरलेली, म्हणून तीच मोडते. माझ्या पहिल्या पायात पाच मोडल्या.

आता नक्षी, म्हणजे मघाशी तुम्ही काढलेल्या त्या तीन रेघा. गंमत अशी की तीन रेघांना दोनच तुकडे लागतात. एक लांब पट्टी घ्यायची, तिला मधोमध जवळजवळ आरपार करवत मारायची, पण शेवटचा एक पापुद्रा ठेवायचा. मग ती बिजागरीसारखी दुमडते. तिची दोन टोकं त्रिकोणाच्या दोन कोपऱ्यांत. तिसऱ्या कोपऱ्यातून आखूड पट्टी येते आणि तिचं दुसरं टोक त्या घडीच्या फटीत रुततं. ती बसली की आतलं सगळं ताणून घट्ट होतं. तिला मी कुलूपपट्टी म्हणतो. डिंक लावलाच तर टाचणीच्या टोकाएवढा.

कोपरा साठ अंशांचा, म्हणून तिथं जाणारं टोक दोन्ही बाजूंनी तीस-तीस अंशांनी तासायचं. डोळ्यानं हे जमत नाही, कुणालाच जमत नाही. त्यासाठी एक ठोकळा असतो. त्याच्या अंगात पट्टी बसेल अशी खोबण आणि ठोकळ्याचं तोंड तीस अंशांत उतरतं. पट्टी खोबणीत ठेवायची, बाहेर आलेलं टोक पटाशीनं उडवायचं. पटाशीची पाठ त्या उतरत्या तोंडावर सपाट टेकवली की कोन चुकूच शकत नाही. दोन्ही हात मात्र पटाशीच्या मागं हवेत. माझ्या डाव्या अंगठ्यावर याची आठवण आहे. खोबणीच्या मागच्या टोकाला एक स्क्रू बसवायचा, म्हणजे सगळे तुकडे एका लांबीचे होतात. मी सहा मिलिमीटरचा साधा स्क्रू लावला. त्याचा आटा एक मिलिमीटरचा असतो. पाव फेरा दिला की पाव मिलिमीटर. इथं माझी टूलरूम शेवटी कामी आली. चौकोनी जाळीतही आसानोहा करता येतो, पण तिथं ४५, २२.५ आणि ६७.५ अंशांचे ठोकळे लागतात. काही लोक म्हणतात, ठोकळा वापरला तर हातकौशल्य कसलं? सेन्सेईंच्या बाकाखाली असे ठोकळे भरलेली एक पेटी होती आणि त्यांतले काही त्यांच्या गुरूंच्या हातचे होते. एवढं उत्तर मला पुरेसं वाटतं.

माझी पहिली जाळी पूर्ण व्हायला सात महिने लागले आणि ती वाईट झाली. तुकडे घट्ट बसावेत म्हणून मी प्रत्येक तुकडा केसभर लांब ठेवला होता. एकेक तुकडा छान बसायचा. पण पन्नास तुकड्यांनी पन्नास केस ढकलले आणि पायाच्या सरळ रेघा नागमोडी झाल्या. सेन्सेईंनी ती खिडकीत उन्हासमोर धरली. मागून उजेड आला की या कामात काहीच लपत नाही. कुठं फट आहे, कुठं रेघ वाकली आहे, सगळं कागदावर छापल्यासारखं दिसतं. ते रागावले नाहीत. ‘मो इच्चिदो,’ म्हणाले. म्हणजे पुन्हा एकदा. तीन वर्षांत त्यांच्याकडून सर्वांत जास्त वेळा ऐकलेला शब्द हाच.

दुसरी जाळी बरी झाली. ती मी जून महिन्यात केली, तिकडच्या पावसाळ्यात. जानेवारीत तिच्यातून तुकडे गळू लागले. कानुमाचा हिवाळा कोरडा ठणठणीत. इथं मला माझा दुसरा धडा मिळाला. लोखंड तापलं की सगळ्या बाजूंनी सारखं वाढतं. लाकूड दमट हवेत फुगतं ते फक्त आडवं, धाग्याच्या दिशेनं जवळजवळ नाहीच. म्हणजे पट्टीची जाडी बदलते, पण तिच्यात पाडलेल्या खाचेची रुंदी धाग्याच्या दिशेत असल्यामुळं बदलत नाही. पावसाळ्यात फुगलेल्या पट्टीच्या मापानं खाच पाडली की हिवाळ्यात पट्टी आक्रसते आणि खाच तशीच राहते. फरक केसाएवढाच असतो. पण हे सगळं काम केसाएवढ्या फरकावरच उभं आहे. जपानी कारागीर याच गुणाचा उलटा फायदाही घेतात. चौकटीची कूस बसवण्याआधी ती हातोडीनं हलकी ठोकून दाबतात, त्याला ‘किगोरोशी’ म्हणतात, म्हणजे लाकूड मारणं. दबलेली कूस सहज आत जाते आणि मग ओल धरून फुगली की हलत नाही.

तेव्हा आपल्या हवेत हे काम करायचं तर पट्ट्या काढून दोन आठवडे त्याच खोलीत पडू द्या. आणि पावसाळ्यात खाचा पाडू नका. पुण्यात मी नोव्हेंबर ते मे एवढंच काम करतो. हिनोकी इकडं मिळत नाही. सागवान मी वापरून पाहिलं. सागात वाळूचा अंश असतो, तो धार खातो. शिवाय इतक्या पातळ पट्टीत त्याचा जाड धागा उकलतो. देवदार चांगलं चालतं, शिवणही. पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन गाठी टाळून घेतलं तर सरावाला उत्तम आणि चुकलं तरी जीव हळहळत नाही. हत्यारांत एक पातळ पात्याची करवत, एक रुंद पटाशी, चाकू, गुण्या, रंधा आणि धारेचा दगड. जपानी करवती आता आपल्याकडेही मागवता येतात. पुस्तकांत तोशिओ ओदाते यांचं जपानी सुतारी हत्यारांवरचं १९८४ मधलं इंग्रजी पुस्तक वाचावं. ते स्वतः तातेगुशीकडे उमेदवारी करून पुढं अमेरिकेत गेले. आणि नेमक्या नक्ष्यांसाठी डेस्मंड किंग या ऑस्ट्रेलियन कारागिराची शोजी आणि कुमिकोवरची पुस्तकं. त्यांत प्रत्येक तुकड्याचा कोन दिलेला आहे.

जपानमध्ये या कामाचं आज कसं चाललंय, असं मला विचारतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. चटईच्या खोल्या नव्या घरांतून कमी होत गेल्या, ॲल्युमिनियमच्या खिडक्या आल्या आणि रानमाला भिंतच उरली नाही. दुसरीकडं, क्युशू बेटावर २०१३ मध्ये ‘सेव्हन स्टार्स’ नावाची ऐषारामी आगगाडी सुरू झाली, तिच्या डब्यांत ओकावा गावच्या कारागिरांनी कुमिको बसवली. २०२० मध्ये युनेस्कोनं लाकडी वास्तू जतन करण्याची जपानमधली सतरा पारंपरिक कसबं वारशाच्या यादीत घेतली, त्यांत दारं-खिडक्या करण्याचं कसबही आहे. आगगाडीत आणि यादीत जागा मिळाली, याचा मला आनंद आहे. पण हे काम रोजच्या घराचं होतं. मुलं पळताना कागद फाडायची आणि वर्षअखेरीला घरची माणसं तो नवा लावायची, अशा घराचं. तशी मागणी आगगाडी कुठून आणणार?

निघताना सेन्सेईंनी मला त्यांच्या पेटीतला तीस अंशांचा एक ठोकळा दिला. तो ठोकळा आता माझ्या एका नसत्या अडचणीत उपयोगी पडतो आहे. गेली काही वर्षं माझ्या उजव्या हाताला कंप आहे. डॉक्टर म्हणतात घाबरण्यासारखं नाही, पण वाढत जाईल. रेघेवर करवत धरली की ती थरथरते. ठोकळ्यावर पटाशी टेकवली की मात्र थरथर थांबते, कारण पटाशीला टेकायला जागा असते.

नातीच्या बारशाला मी आसानोहाची जाळी देईन, असं मुलाला आणि सुनेला कबूल केलं होतं. षटकोनी चौकट, बाजूला चार-चार त्रिकोण, म्हणजे एकूण शहाण्णव घरं. ‘होईल ना बाबा?’ सुनेनं दोनदा विचारलं. मी मायक्रॉनवाल्याच्या तोऱ्यात हो म्हटलं. पायाच्या खाचा पाडायलाच मला चौपट वेळ लागला. मधल्या पट्ट्या मोडत राहिल्या, पुन्हा करत राहिलो. बारशाच्या दिवशी जाळीत एकही पान नव्हतं. नुसते शहाण्णव रिकामे त्रिकोण. तसाच तो पाया नेऊन पाळण्याजवळ टेकवून ठेवला. सुनेच्या आजी बराच वेळ त्याकडं बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, ‘याच्या आतलं काय झालं हो?’ मी म्हटलं, ‘व्हायचंय.’

ही गोष्ट तीन वर्षांपूर्वीची. आता पाया पाडायला मला जमेल असं वाटत नाही, पण तो झालेला आहे, आणि आतले तुकडे ठोकळ्यावर होतात. रविवारी नात येते, कुठलं घर आज भरायचं ते बोटानं दाखवते. त्यामुळं पानं काही ओळीनं भरत नाहीत, कुठंही उगवतात. एखादा तुकडा लांब झाला की मी तो काढून पुन्हा तासतो. ‘आबा, मो इच्चिदो,’ असं म्हणायला ती शिकली आहे. यंदा मेअखेरीपर्यंत सत्त्याहत्तर घरं भरली. एकोणीस उरलीत. आता पाऊस लागला आहे, पट्ट्या फुगल्यात, आतली जागा आवळली आहे. आज तासलेला तुकडा डिसेंबरात गळून पडेल. म्हणून पटाश्यांना तेल लावून ठेवलं आहे. दिवाळी झाली की पुन्हा बसेन.